पाळण्यातले पाय आणि टाकीचे घाव

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे, आणि ‘टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही’ अशी दुसरी. एकाच घरातली वडीलधारी माणसे या दोन्ही म्हणी एकाच दिवशी वापरतात, आणि त्यांचे एकमेकींशी पटत नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पहिली म्हण सांगते की, माणूस जो काय व्हावयाचा तो आधीच झालेला असतो. शहाण्याचे काम ते ओळखण्याचे. दुसरी सांगते की, देव दगडात बसलेला नसतो, तो घडवावा लागतो; शहाण्याचे काम टाकी चालविण्याचे. मग ज्या गुरूचे शिष्य नावारूपाला येतात तो गुरू थोर कशामुळे? त्याने दगड चांगला उचलला म्हणून, की त्याची टाकी चांगली म्हणून? शाळा, तालीम, गाण्याची बैठक, सर्वत्र हा प्रश्न उभा आहे. पण उत्तर देताना बहुधा आपण आपल्या आवडत्या गुरूची बाजू घेतो आणि विषय संपवितो.

या प्रश्नाचा छडा लावावयाचा तर जेथे दीर्घकाळ नोंदी ठेवल्या गेल्या आहेत असे क्षेत्र हवे. कोणी कोणाला निवडले, कोणी किती वर्षे शिकविले आणि शेवटी बाजारात त्याचे काय मोल झाले, हे जेथे वर्षानुवर्षे लिहून ठेवलेले आहे असे एक क्षेत्र म्हणजे अमेरिकेतील विद्यापीठांचा फुटबॉल. त्याचाच इतिहास आज आम्ही सांगणार आहो. खेळ परका आहे. त्यातून निघणारा प्रश्न मात्र परका नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो कोलकात्यात किंवा गोव्यात खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो बहुतेक वेळ हातातच राहतो. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. ज्यांच्याकडे चेंडू त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, नाही जमले तर चेंडू दुसऱ्या बाजूस द्यावयाचा. क्वार्टरबॅक नावाचा गडी हा या सैन्याचा सेनापती. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो. तो कोणाला द्यावयाचा की लांब फेकावयाचा, हे तोच क्षणार्धात ठरवितो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. युरोपातले फुटबॉल क्लब लहान मुले हाताशी धरून त्यांना स्वतःच्या खर्चाने तयार करतात. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या संघांनीही आपल्या खाली दुय्यम संघांची उतरंड उभी केली. परंतु १९२० साली स्थापन झालेल्या व्यावसायिक नॅशनल फुटबॉल लीगने असली उठाठेव केली नाही. तिला तयार गडी विद्यापीठांतून आयते मिळत गेले. शेत एकाचे, नांगरणी-पेरणी दुसऱ्याची आणि कापणी तिसऱ्याची, असा हा व्यवहार आहे, आणि आपला वाद याच व्यवहाराच्या पोटी जन्मला.

या खेळाचा आरंभ अगदी निरागस होता. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांची मुले, प्रत्येकी पंचवीस, समोरासमोर उभी राहिली आणि रटगर्सने ६ विरुद्ध ४ असा सामना जिंकला. त्यांना कोणी निवडले नव्हते आणि कोणी शिकविलेही नव्हते. पुढे येल विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेल्या वॉल्टर कॅम्प या गृहस्थाने १८८० नंतर नियम बांधून त्या गोंधळाला आजच्या खेळाचे रूप दिले. कॅम्प घड्याळाच्या कारखान्यात नोकरीला होता. दिवसा मैदानावर जाणे त्याला जमत नसे. म्हणून १८८८ च्या हंगामात त्याची पत्नी ॲलिस दुपारी सरावाला जाऊन बसे, काय चुकले ते टिपून आणी आणि संध्याकाळी कॅम्प त्यावरून पुढची सूचना देई. प्रशिक्षणाची ही परंपरा अशी एका घराच्या दिवाणखान्यात सुरू झाली.

पण भरतीची परंपराही तिच्याहून फारशी धाकटी नाही. १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा संघ कितीतरी सामने ओळीने जिंकून बसला होता. त्याच्याशी गाठ असलेल्या लाफायेट कॉलेजात ऐन सामन्याच्या तोंडावर फील्डिंग योस्ट नावाचा एक विद्यार्थी दाखल झाला. हा वेस्ट व्हर्जिनियात कायदा शिकत होता. लाफायेटने तो सामना ६ विरुद्ध ४ असा मारला, आणि थोड्याच दिवसांत योस्टसाहेबांची ज्ञानपिपासा शमून ते आपल्या जुन्या विद्यापीठात परतले. हाच योस्ट १९०१ पासून मिशिगन विद्यापीठाचा नामांकित प्रशिक्षक झाला. शिकविणारा आणि पळवून आणलेला, ही दोन्ही सोंगे एकाच माणसाने वठविली.

१९०५ सालापर्यंत खेळ इतका हाणामारीचा झाला होता की मैदानावर मुले मरू लागली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलाविले. पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली आणि विद्यापीठांची एक नियामक संस्था उभी राहिली. १९१० पासून ती ‘एनसीएए’ या नावाने ओळखली जाते. खेळ वाचला, तो फोफावला, आणि त्याबरोबर चोरटी भरतीही फोफावली. ऑक्टोबर १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनने शंभरावर महाविद्यालयांची पाहणी करून मोठा अहवाल प्रसिद्ध केला. बहुसंख्य ठिकाणी खेळाडूंना या ना त्या मार्गाने पैसे मिळतात, नावापुरत्या नोकऱ्या दिल्या जातात आणि माजी विद्यार्थी गावोगाव फिरून मुले गोळा करतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि अहवालाकडे पाहावयास कोणाला सवड उरली नाही.

व्यावसायिक लीगने या खेळात पक्की व्यवस्था आणली ती १९३६ साली. फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचा मालक बर्ट बेल याचा संघ सतत हरे. श्रीमंत संघ चांगली मुले आधीच उचलून नेत. त्याने तोड सुचविली की, दरवर्षी विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या मुलांची यादी करावी आणि जो संघ सर्वांत खाली राहिला असेल त्याने पहिले नाव उचलावे. ही वार्षिक निवड म्हणजेच ‘ड्राफ्ट’. ८ फेब्रुवारी १९३६ रोजीच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिले नाव उचलले गेले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वांगर याचे. पण बर्वांगरचे आणि व्यावसायिक संघाचे पैशाचे जमले नाही. तो सरळ रबरी फोम विकण्याच्या नोकरीत शिरला आणि व्यावसायिक सामना कधी खेळलाच नाही. तीन वर्षांनी, १९३९ मध्ये, त्याच्या विद्यापीठाने फुटबॉलच बंद केला. विद्येच्या मंदिराने खेळाडूंची वखार व्हावे काय, या प्रश्नाचे हे एक सरळ उत्तर होते. इतरांनी मात्र ते गिरविले नाही.

उलट १९५६ मध्ये एनसीएएने खेळाडूंना उघडपणे शिष्यवृत्त्या देण्यास मान्यता दिली, आणि झाकलेली मूठ उघडली. आता भरती हे लपविण्याचे कर्म न राहता प्रशिक्षकाच्या कामाचा मोठा वाटा झाले. शिष्यवृत्त्यांना प्रथम देशभर सारखी मर्यादा नव्हती. प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये एवढ्याचसाठी एखादा मुलगा घेऊन ठेवावयाचा आणि चार वर्षे बाकावर बसवावयाचा, हे श्रीमंत विद्यापीठांना परवडे. १९७३ मध्ये मर्यादा १०५ वर आली, पुढे ९५ झाली आणि १९९४ मध्ये ८५. प्रत्येक खेपेस मोठ्यांच्या कोठारातून काही मुले बाहेर पडली आणि लहान विद्यापीठांना मिळाली. एवढ्यानेच सामन्यांची चुरस वाढावी, यावरून भरतीचे वजन किती होते ते कळते.

तरीही लोकांना कथा आवडते ती टाकीची. अशा कथांतली सर्वांत प्रसिद्ध कथा पॉल ब्रायंट या प्रशिक्षकाची. १९५४ साली तो टेक्सास ए अँड एम कॉलेजात आला आणि सप्टेंबराच्या आरंभी सुमारे शंभर मुलांना बसमध्ये घालून जंक्शन नावाच्या दुष्काळी गावी घेऊन गेला. दहा दिवस रखरखीत उन्हात, पाणी न देता, पहाटेपासून अंधारापर्यंत सराव चालला. रात्री मुले पळून जात. परत निघाली तेव्हा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उरली होती. त्या वर्षी संघाने एक सामना जिंकला आणि नऊ गमावले. पण १९५६ मध्ये तो एकही सामना न हरता आपल्या गटात पहिला आला. झाले! जंक्शनच्या उन्हाने पोलाद घडविले, अशी आख्यायिका तयार झाली.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने येथे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला असा की, शंभरांतले साठ-पासष्ट गाळून जे उरले त्यांना ‘घडविले’ म्हणावयाचे की ‘चाळले’? चाळणीतून जाड रवा वेगळा निघतो; चाळणीने रवा जाड होत नाही. दुसरा प्रश्न त्याहून अडचणीचा आहे. त्या संघाचा सर्वांत मोठा खेळाडू, ज्याला १९५७ मध्ये देशातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून हाइझमन पारितोषिक मिळाले, तो जॉन डेव्हिड क्रो जंक्शनला गेलाच नव्हता. तो त्या वर्षी नुकताच दाखल झालेला होता, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना तेथे नेले नव्हते. घावांच्या कथेत पाळण्यातले पाय असे लपून बसलेले असतात.

मग पाळण्यातले पाय शास्त्रशुद्ध रीतीने पाहता येतील काय? हा प्रयत्न १९६० नंतर डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाने केला, आणि त्यात एका भारतीयाचा हात होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. संघाचा व्यवस्थापक टेक्स श्रॅम याने आयबीएम कंपनीच्या एका शाखेकडे मदत मागितली, आणि काम आले ते सलाम कुरेशी या संख्याशास्त्रज्ञाकडे. कुरेशी अलीगढला शिकलेले. क्रिकेट जाणणारे, अमेरिकन फुटबॉलची गंधवार्ता नसलेले. पारख करणारी मंडळी एकेका मुलाविषयी शंभर विशेषणे लिहीत. कुरेशींनी त्या विशेषणांच्या जंगलातून चपळाई, जिद्द, बुद्धीची तल्लखता, ताकद, स्वभाव असे मोजके गुण वेगळे काढले आणि प्रत्येकाला गुणांक देण्याची पद्धत बसविली. काउबॉइजनी तिच्या आधारे दुर्लक्षित कॉलेजांतून अनेक मोती वेचले. पुढे सर्वच संघ यंत्राकडे वळले. पण यंत्राला एक गोष्ट करता येत नव्हती. ज्या मुलाकडे पाहावयास कोणी गेलेच नाही, त्याला गुणांक कोण देणार?

येथे आम्ही या इतिहासाच्या गाभ्याशी येतो. लुइझियाना राज्याच्या उत्तरेस ग्रॅम्ब्लिंग नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे कृष्णवर्णीयांसाठी चालविलेली एक शिक्षणसंस्था होती. १९४१ साली बावीस वर्षांचा एडी रॉबिन्सन तेथे प्रशिक्षक म्हणून रुजू झाला. बाप कापसाच्या शेतात वाट्याने राबणारा, आई लोकांच्या घरी काम करणारी. स्वतः तो बॅटन रूज येथे पशुखाद्याच्या गिरणीत तासाला पंचवीस सेंटांवर काम करीत होता. नव्या नोकरीचा पगार महिना त्रेसष्ट डॉलर पंचाहत्तर सेंट. त्या पगारात मैदानाचे गवत कापणे, चुन्याच्या रेघा मारणे, मुलांचे मुरगळलेले घोटे बांधणे आणि सामन्याची हकिगत वर्तमानपत्रांना लिहून पाठविणे, हे सर्व आले. परगावी जाताना तो मुलांसाठी सँडविच करून बरोबर घेई, कारण वाटेवरची उपाहारगृहे कृष्णवर्णीयांना वाढीत नसत. पहिल्या वर्षी तीन सामने जिंकले, पाच हरले. दुसऱ्या वर्षी नऊच्या नऊ जिंकले, आणि त्या नऊ सामन्यांत प्रतिपक्षाला एक गुणसुद्धा मिळू दिला नाही.

त्या काळी दक्षिणेतील गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे या मुलांना बंद होती. व्यावसायिक लीगनेही १९३४ पासून १९४५ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला नव्हता. बंदी उठल्यावरही कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांकडे कोणी फिरकत नसे. १९४९ साली ‘टँक’ यंगर हा ग्रॅम्ब्लिंगचा तगडा गडी ड्राफ्टमध्ये कोणी उचलला नाही. लॉस एंजेलिस रॅम्स संघाने त्याला नंतर करारावर घेतले, आणि अशा कॉलेजातून लीगमध्ये गेलेला तो पहिला खेळाडू ठरला. निघताना रॉबिन्सनने त्याला बजावले की, तू हरलास तर आपल्यातल्या दुसऱ्या कोणाला ही संधी पुन्हा केव्हा मिळेल ते सांगता येत नाही. यंगर दहा हंगाम खेळला.

त्याच्या पाठोपाठ रांग लागली. विली डेव्हिस १९५६ मध्ये पंधराव्या फेरीत, म्हणजे जवळजवळ झाडलोटीत, उचलला गेला आणि पुढे ग्रीन बे संघाबरोबर पाच अजिंक्यपदांचा धनी झाला. विली ब्राउन याला तर ड्राफ्टमध्ये कोणी विचारलेच नाही. १९६३ मध्ये पहिल्या संघाने त्याला सरावातूनच घरी पाठविले. दुसऱ्या संघाने जागा बदलून त्याला बचावात खेळविले आणि तो त्या जागेवरच्या आजवरच्या श्रेष्ठांत गणला गेला. याच वर्षी बक ब्युकॅनन हा ग्रॅम्ब्लिंगचाच मुलगा प्रतिस्पर्धी अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये सर्वांच्या आधी, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. चौदा वर्षांत कोणीच न घेतलेल्या यंगरपासून सर्वांआधी घेतलेल्या ब्युकॅननपर्यंतचा हा पल्ला आहे. रॉबिन्सनच्या हातून सर्व मिळून दोनशेहून अधिक मुले व्यावसायिक मैदानावर पोहोचली.

त्यात टाकीचे खरे काम पाहावयाचे तर क्वार्टरबॅकच्या जागेकडे पाहावे. सेनापतीच्या जागेला लागणारी बुद्धी कृष्णवर्णीयांत नसते, असा समज अमेरिकेत खोल रुजलेला होता. त्या जागेवरच्या कृष्णवर्णीय मुलाला व्यावसायिक संघ धावण्याच्या किंवा चेंडू झेलण्याच्या कामी लावीत. ग्रॅम्ब्लिंगमधून असा सेनापती निघेल काय, असे प्रसिद्ध समालोचक हॉवर्ड कोसेल याने रॉबिन्सनला विचारले. रॉबिन्सनने ते मनावर घेतले. जेम्स हॅरिस या मुलाला त्याने व्यावसायिक धर्तीच्या फेकीचे पद्धतशीर शिक्षण दिले. १९६९ मध्ये हॅरिस आठव्या फेरीत बफेलो संघाने घेतला आणि त्या हंगामाचा पहिलाच सामना क्वार्टरबॅक म्हणून खेळला. त्याच मैदानावरून पुढे डग विल्यम्स आला. १९७८ मध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला, आणि ३१ जानेवारी १९८८ रोजी वॉशिंग्टनला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून देऊन त्या सामन्याचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. एकोणीस वर्षे आधी एका मुलाला जाणीवपूर्वक घडविले नसते, तर हा दिवस किती लांबला असता?

येथवर ऐकून टाकीचा जयजयकार करावा असे कोणालाही वाटेल. पण इतिहास येथे थांबत नाही. १२ सप्टेंबर १९७० रोजी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ अलाबामात खेळावयास आला. अलाबामाचा प्रशिक्षक होता आपला जंक्शनवाला ब्रायंट, आणि त्याचा संघ त्या दिवशी संपूर्ण गोऱ्यांचा होता. पाहुण्यांच्या सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय मुलाने १३५ यार्डांची धाव घेतली. अलाबामा ४२ विरुद्ध २१ असे हरले. त्या एका संध्याकाळी दक्षिणेचे डोळे उघडले, अशी दंतकथा आहे. वस्तुतः विल्बर जॅक्सन हा कृष्णवर्णीय मुलगा अलाबामाने आधीच घेतलेला होता, आणि पहिल्या वर्षाचा म्हणून तो बाहेर बसून सामना पाहत होता. दारे कायद्याने, न्यायालयाने आणि चळवळीने उघडली होती. त्या सामन्याने त्यांतून आत येणाऱ्यांची गर्दी वाढविली एवढेच.

न्याय झाला, यात शंका नाही. परंतु त्या न्यायाने ग्रॅम्ब्लिंगची विहीर आटविली. जी मुले पूर्वी दुसरीकडे जाऊच शकत नव्हती त्यांच्यापुढे आता मोठी मैदाने, मोठे दवाखाने, दूरचित्रवाणी आणि भरघोस शिष्यवृत्त्या हात पसरून उभ्या राहिल्या. ही मुले न्यावयाला तीच विद्यापीठे आली, ज्यांनी त्यांच्या बापांना फाटकातून आत घेतले नव्हते. रॉबिन्सन होता तेथेच होता. १९८५ मध्ये त्याने ब्रायंटचा ३२३ विजयांचा विक्रम मागे टाकला. १९९७ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ४०८ विजय होते. पण शेवटच्या दोन हंगामांत संघाने प्रत्येकी तीन सामने जिंकले आणि आठ गमावले. वय झाले होते, खेळ बदलला होता, हे खरे. तरी मुख्य कारण सर्वांना दिसत होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? २०२१ च्या ड्राफ्टमध्ये देशातील कृष्णवर्णीयांच्या जुन्या कॉलेजांतून एकही नाव उचलले गेले नाही. पुढच्या वर्षी चार उचलली गेली.

तेव्हा ग्रॅम्ब्लिंगची साक्ष दोन्ही बाजूंनी आहे. जगाने टाकून दिलेल्या दगडांतून तेथे देव घडले, ही टाकीची साक्ष. दगड दुसरीकडे जाताच तीच टाकी रिकामी वाजू लागली, ही निवडीची साक्ष. मग निकाल कोणाच्या बाजूने द्यावयाचा?

आजकाल आकडे पुढे केले जातात, म्हणून त्यांचाही हिशेब पाहू. शाळेत असतानाच मुलांना तारे देण्याची पद्धत आता रूढ आहे. पाच ताऱ्यांची मुले दरवर्षी तिसांच्या आसपास. दोन-तीन ताऱ्यांची हजारोंनी. टाकीचे कैवारी म्हणतात, व्यावसायिक लीगमधले बहुसंख्य खेळाडू कमी ताऱ्यांचे आहेत, म्हणजे तारे खोटे. हा हिशेब फसवा आहे. हजारोंतून निघालेले शेकडो आणि तिसांतून निघालेले पंधरा, यांत शेकडा प्रमाण कोणाचे मोठे? पाच ताऱ्यांच्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास ड्राफ्टमध्ये पोहोचतात. खालच्या मुलांना तशी आशा फारच थोडी. २००७ पासून २०२३ पर्यंत अलाबामात निक सेबन याने सहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली आणि २०२१ च्या ड्राफ्टमध्ये तेथील सहा मुले पहिल्याच फेरीत गेली. सेबन शिकवीत उत्तमच असे. पण त्याच्या दाराशी देशातील निवडक मुलांची रांग वर्षानुवर्षे लागत होती, हेही विसरता येत नाही.

उलट बाजूला जे. जे. वॉट हे नाव आहे. हा मुलगा एका लहान विद्यापीठात दुसऱ्याच जागेवर खेळत होता. ते सोडून तो विस्कॉन्सिनला गेला, तेही शिष्यवृत्ती नसताना, आपल्या पदरच्या खर्चाने. तेथे त्याला बचावफळीत नव्याने घडविले. २०११ मध्ये तो अकरावा निवडला गेला आणि पुढे तीन वेळा लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. एका वॉटवरून सिद्धान्त होत नाही, हे आम्ही जाणतो. पण वॉट अलाबामाच्या यादीत नव्हता. तो कोणाच्याच यादीत नव्हता. तो घडला नसता तर दुसऱ्या कोणाच्या पदरात पडला असता असे नाही. तो फुटबॉलला मिळालाच नसता.

आमच्या मते या वादाचे मर्म येथे आहे. निवडीने खेळाडू वाटले जातात. शिक्षणाने ते वाढतात. अलाबामाने उचललेला पाच ताऱ्यांचा मुलगा अलाबामाला न मिळता तर जॉर्जियाला किंवा ओहायोला मिळाला असता. एका विद्यापीठाचा तो लाभ, दुसऱ्याची तेवढीच हानी. देशाच्या एकंदर बेरजेत फरक शून्य. म्हणून एखाद्या विद्यापीठाच्या चिटणिसाने विचारले की, आमची जास्त मुले व्यावसायिक लीगमध्ये जावीत यासाठी काय करू, तर त्याला ‘चांगली मुले गोळा कर’ हेच उत्तर प्रामाणिकपणे द्यावे लागेल. पण सबंध खेळाच्या वतीने, समाजाच्या वतीने कोणी हाच प्रश्न विचारला, तर उत्तर बदलते. बेरीज वाढते ती दोनच मार्गांनी: जो दुर्लक्षित आहे त्याच्यासाठी दार उघडल्याने, आणि दारातून आलेल्याला शिकविल्याने. रॉबिन्सनने ही दोन्ही कामे केली. म्हणून त्याची थोरवी त्याच्या शेवटच्या पराभवांनी उणावत नाही.

ही वाटणी आणि भर यांतली तफावत आज अधिकच टोचू लागली आहे. २०१८ पासून विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची खुली नोंद सुरू झाली. २०२१ पासून त्यांना आपल्या नावाचे आणि छबीचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट मोबदलाही देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाची कमाल मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. ज्यांच्या घामावर इतरांनी दशकानुदशके कमाई केली त्यांना वाटा मिळाला, हे योग्यच झाले. पण आता लहान कॉलेजाने दोन वर्षे खपून मुलगा तयार करावा आणि तिसऱ्या वर्षी धनवान विद्यापीठाने तो उचलून न्यावा, हेही घडू लागले. ज्याने पेरले त्याच्या हाती काहीच राहणार नसेल, तर पेरणार कोण?

आणि एक हिशेब उरतोच. एनसीएएच्याच अंदाजाप्रमाणे विद्यापीठात फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांतून दोनही व्यावसायिक मैदानावर पोहोचत नाहीत. आपण आतापर्यंत ज्या खेळाडूंची नावे घेतली ते बहुतेक त्या दोनांतले. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचे काय? निवडीची भाषा बोलणाऱ्याला त्यांच्याविषयी काही बोलावयाचे नसते. त्याच्या लेखी तो चाळणीखालचा भुसा. आपल्याकडेही गुणवत्ता-यादीतली मुले प्रवेशाच्या वेळी वेचून घेऊन पुढे त्यांची छायाचित्रे आपल्या फलकावर लावणाऱ्या संस्था आहेत. त्यांना ‘तुम्ही काय घातलेत?’ असे क्वचितच कोणी विचारतो.

ग्रॅम्ब्लिंगमध्ये एडी रॉबिन्सन सकाळी सहाच्या सुमारास वसतिगृहातून हातात घंटा घेऊन फिरत असे. गुराच्या गळ्यात बांधतात तसली ती घंटा. मुलांनी उठावे, न्याहारी करावी आणि पहिल्या तासाला वर्गात हजर असावे, एवढ्यासाठी. सरावासाठी नव्हे, वर्गासाठी. त्या खोल्यांतून ब्युकॅनन झोपलेला असे, हॅरिस झोपलेला असे, आणि ज्यांची नावे आज कोणालाही आठवत नाहीत अशी शेकडो मुले झोपलेली असत. यांतले कोण पुढे जाणार हे त्याच्यासारख्या पारख्याला बहुधा ठाऊक असे. तरी घंटा वाजावयाची ती प्रत्येक दाराशी.